प्रकल्प नोंदी : हिमचादरीचा पृष्ठभाग, उपग्रह आणि ड्रोन

३ फेब्रुवारी २०२५, वास्को

आज जागा पक्की केली. पूर्व अंटार्क्टिकातला शिर्माकर ओॲसिस आणि त्याच्या दक्षिणेकडून उतरणारा बर्फ. उघड्या खडकाची ही पट्टी जेमतेम ३५ चौरस किलोमीटरची. तिच्या एका अंगाला मुख्य हिमचादर, दुसऱ्या अंगाला समुद्रावर तरंगणारं निवलिसेन आईस शेल्फ. आपलं, म्हणजे भारताचं, मैत्री संशोधन केंद्र १९८९ पासून याच खडकावर आहे. एवढ्याशा टापूत निळा बर्फ (वरचं हिम उडून उघडा पडलेला) आहे, वाऱ्याने थापलेला हिम आहे, सस्त्रुगी आहेत आणि उन्हाळ्यात साचणारी तळीही आहेत. पृष्ठभागाचा अभ्यास करायला याहून चांगली जागा मला तरी सुचत नाही.

सस्त्रुगी म्हणजे वाऱ्याने कोरून काढलेले हिमाचे कडक उंचवटे. काही बोटभर, काही कमरेइतके. हिमचादरीच्या उंच भागात थंड, जड झालेली हवा उताराने किनाऱ्याकडे धावते, आणि हे उंचवटे तिच्याच दिशेने लांबत जातात. पृष्ठभाग जितका खडबडीत, तितका वारा अडतो, घुसळतो आणि तितकी उष्णता हवेतून बर्फात जाते. म्हणजे किती वितळेल, किती हिम उडून जाईल याचा हिशेब या उंचवट्यांवर अवलंबून असतो. तरीही बऱ्याच गणितांत खडबडीतपणासाठी सगळीकडे एकच ठोकळ आकडा धरतात. तो जागेवरून काढता येईल का, उपग्रह आणि ड्रोन मिळून सांगू शकतील का, हे पाहायचं आहे.

७ फेब्रुवारी

आइससॅट-२ ची माहिती उतरवायला लावली आहे. रात्रभर चालेल.

हा उपग्रह सप्टेंबर २०१८ मध्ये गेला. हिरव्या लेझरचे सेकंदाला १०,००० ठोके खाली सोडतो, सहा किरणांत, तीन जोड्यांनी. एका जोडीतले दोन किरण ९० मीटर अंतरावर, आणि दोन जोड्यांमध्ये सुमारे ३.३ किलोमीटर. दर ९१ दिवसांनी पुन्हा त्याच वाटेवर येतो. प्रत्येक ठोक्यात प्रकाशाचे लाखो कोटी कण निघतात, त्यातले दहा-बारा परत दुर्बिणीत आले तरी भरपूर. त्या दहा-बारांच्या येण्याच्या वेळेवरून बर्फाची उंची सेंटिमीटरात सांगतात. ही गोष्ट मी कितीदा वाचली असेल, तरी प्रत्येक वेळी अंगावर काटा येतो.

लेझर ढगांतून पार होत नाही, त्यामुळे बऱ्याच रेघा मधेच तुटलेल्या मिळतील. शिवाय मे २०२४ च्या सौरवादळानंतर उपग्रह काही आठवडे मापन थांबवून होता, तो तुकडाही नाही. चालेल.

१८ फेब्रुवारी

गेले काही दिवस एकाच गणितावर बसले आहे. ते इथे नीट लिहून ठेवते, पुढे लागेल.

उपग्रह जमिनीवरून सेकंदाला साधारण ७ किलोमीटर सरकतो. १०,००० ठोक्यांत वाटले तर दर ७० सेंटिमीटरला एक ठोका. पण प्रत्येक ठोक्याचा जमिनीवरचा ठिपका सुमारे ११ मीटर व्यासाचा आहे. म्हणजे ठिपके एकमेकांवर चढलेले. एका ठिपक्यात दहा-बारा सस्त्रुगी सहज मावतात. एकेक उंचवटा लेझरला सुटा दिसणार नाही. दिसेल तो परत आलेल्या कणांच्या उंचीतला पसारा. गुळगुळीत बर्फावरून कण एका पातळ पट्ट्यात येतील, खडबडीत बर्फावरून जाड पट्ट्यात. ही जाडी म्हणजे आपला खडबडीतपणा.

पण जाडीला भागीदार बरेच. पहिला भागीदार लेझरच. ठोका दीड नॅनोसेकंद टिकतो. एका नॅनोसेकंदात प्रकाश ३० सेंटिमीटर जातो, जाऊन-येऊन धरलं तर १५. म्हणजे पृष्ठभाग काचेसारखा सपाट असला तरी कण वीस-बावीस सेंटिमीटरच्या पट्ट्यात विखुरणारच. दुसरा भागीदार उतार. ११ मीटरच्या ठिपक्यात एक अंशाचा उतार असेल तर ठिपक्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत १९ सेंटिमीटरचा फरक पडतो. शिर्माकरच्या दक्षिणेला उतार एका अंशाहून बराच जास्त आहे. हे दोन्ही वजा केल्याशिवाय उरलेल्या पसाऱ्याला खडबडीतपणा म्हणणं चूक ठरेल.

उतारासाठी रेमा हा अंटार्क्टिकाचा उंचीचा नकाशा वापरते आहे. उपग्रहांच्या जोडचित्रांवरून तयार केलेला, २ मीटरचा चौकोन. पण तो वेगवेगळ्या वर्षांच्या चित्रांतून शिवलेला असल्याने शिवणीवर पायऱ्या दिसतात. शिवण टाळून रेघा निवडायच्या.

२४ फेब्रुवारी

सरांशी बोलणं झालं. त्यांचं म्हणणं, पसारा मोजलास हे ठीक, पण तो सस्त्रुगींचाच हे कशावरून? प्रश्न रास्त आहे. खाली जाऊन बघितलेलं काहीतरी हवं. ते काम ड्रोनचं. २ मीटरचा नकाशा आणि ११ मीटरचा ठिपका यांच्या खाली, सेंटिमीटरात, तोच पोहोचतो.

अंटार्क्टिकात ड्रोन उडवायला परवानगी लागते, पेंग्विन आणि स्कुआ पक्ष्यांच्या वस्तीपासून दूर राहावं लागतं. भारतीय अंटार्क्टिक कायदा २०२२ आहे आणि त्याच्या मागे माद्रिदचा पर्यावरण करार. हे सगळं योग्यच आहे. तिथे जाणारा गट वेगळा. मला इथे बसून त्यांच्यासाठी उड्डाणाची पद्धत ठरवून द्यायची आहे: किती उंचीवरून, कोणत्या उजेडात, किती चित्रं.

४ मार्च

वास्कोत ड्रोन उडवणं शक्य नाही. दाबोळीचा विमानतळ नौदलाचा. उत्तरेला मोपा. ड्रोन कुठे उडवता येतो ते दाखवणारा डिजिटल स्कायचा सरकारी नकाशा उघडला की गोव्यावर दोन मोठी वर्तुळं दिसतात, बाकीची छोटी वेगळी. मधल्या हिरव्या पट्ट्यात, पद्धत आधी इथेच करून बघायला, हिमासारखा पांढरा, सपाट, चकाकणारा पृष्ठभाग शोधायचा होता. रेती पिवळी पडते, तिच्यावर कॅमेऱ्याला पकडायला कण न् कण मिळतो. हिमाची अडचण नेमकी उलटी आहे, पकडायला काहीच नसतं.

मिठागर! पेडण्यात आगरवाड्याला मार्चमध्ये मीठ काढायला सुरुवात झालेली असते. ओळखीतून एका मिठागराच्या मालकांना फोन लावला. "या की," म्हणाले.

९ मार्च, आगरवाडा

पहाटे निघालो. जुवारीचा नवा पूल, म्हापसा, शिवोली, मग पूल ओलांडून चोपडें. पोहोचलो तेव्हा सूर्य नुकता वर आला होता आणि मिठाचे ढीग गुलाबी दिसत होते.

आधी आगर कसा चालतो ते मालकांनी, म्हणजे काकांनी, फिरून दाखवलं. भरतीचं पाणी मानशीतून (बांधातल्या झडपेतून) आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत ऊन खाऊ द्यायचं, शेवटच्या वाफ्यात मीठ धरतं. त्या शेवटच्या वाफ्याशी ते थांबले. पाण्यावर मिठाची पातळ साय आली होती आणि ती सगळी एका बांधाला जाऊन चिकटली होती. "वारा कुठला ते इथे बघायचं, बाय. पाण्यावर काही दिसत नाही, मीठ बरोबर सांगतं." बांधाला लागलेल्या सायीला बारीक घड्या पडल्या होत्या, सगळ्या वाऱ्याला आडव्या. मी खाली बसून कितीतरी वेळ ते बघत राहिले.

मग काम. काळ्या रेक्झिनच्या चौकोनांवर पांढरी फुली मारून खुणा केल्या होत्या, त्या बांधांवर ठेवल्या आणि प्रत्येकीची जागा जीएनएसएसने (उपग्रहांच्या संकेतांवरून जागा सांगणाऱ्या यंत्राने) मोजली. पहिलं उड्डाण कोवळ्या उन्हात, ४० मीटरवरून. चित्रं पुढे-मागे ८० टक्के आणि बाजूला ७० टक्के एकावर एक येतील अशी. दुसरं उड्डाण भर दुपारी, तीच उंची, तीच वाट.

कॅमेरा स्वतःच्या मर्जीवर सोडला तर पांढऱ्याला करडं करून टाकतो. म्हणून प्रकाशमान हाताने ठरवलं, ढिगाचा सर्वांत उजळ भाग फुटणार नाही एवढ्यावर आणून ठेवलं आणि पूर्ण उड्डाणभर तेच राखलं. हे मैत्रीच्या टिपणात पहिल्या ओळीत घालायचं.

काकींनी निघताना पिशवीभर मीठ दिलं.

१२ मार्च

दोन्ही उड्डाणांची चित्रं जोडून त्यांची त्रिमितीय मॉडेलं करून झाली. निकाल इतका स्पष्ट येईल असं वाटलं नव्हतं.

सकाळच्या मॉडेलमध्ये ढिगांवर लाकडी फावड्याच्या ओढी दिसतात. ओढ न् ओढ, तिची कड, तिच्या बाजूला सरकलेलं मीठ. तोच ढीग दुपारच्या मॉडेलमध्ये गुळगुळीत गोळा आहे, आणि वरच्या बाजूला मॉडेलला भोकं पडली आहेत. सॉफ्टवेअर दोन चित्रांत एकच खूण शोधतं आणि तिच्यावरून उंची काढतं. खूण म्हणजे उजेड-सावलीतला फरक. डोक्यावरच्या उन्हात सावली नाही, म्हणून खूण नाही, म्हणून उंची नाही. ओल्या वाफ्यांवर तर आणखी वाईट: सूर्याची चमक ड्रोनबरोबर सरकत जाते आणि सॉफ्टवेअर तिलाच खूण समजून बसतं.

आता हे मैत्रीला लावून बघू. ७०° ४५′ दक्षिण. डिसेंबरच्या शेवटाला दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ४३ अंशांवर, आणि मध्यरात्री सुमारे ४ अंशांवर, मावळत नाहीच. ४ अंशांत सावल्या इतक्या लांब पडतील की एका सस्त्रुगीची सावली पुढच्या दोघींना झाकेल. मधले १५ ते २० अंश हवेत. ते दिवसातून दोनदा येतात, एकदा सूर्य चढताना, एकदा उतरताना. उताराने येणारा वारा साधारण पहाटे-सकाळी जोरात असतो आणि दुपारनंतर पडतो. म्हणजे उतरत्या उन्हाची वेळ धरायची. सूर्यही उंचवट्यांना आडवा हवा. त्यांच्या लांबीला समांतर असला तर सावली नावालाच पडते. त्यासाठी उंचवट्यांची दिशा आधी सेंटिनेल-२ या चित्रं घेणाऱ्या उपग्रहाच्या १० मीटरच्या चित्रांतून आणि रेमातून काढून द्यावी लागेल.

२१ मार्च

यंदाचं वर्ष संयुक्त राष्ट्रांनी हिमनद्यांच्या जतनासाठी ठेवलं आहे आणि आजचा दिवस पहिला जागतिक हिमनदी दिन. एका शाळेत बोलायला गेले होते, मुलं आठवी-नववीची.

६ डिसेंबर १९८१ ला पहिली भारतीय मोहीम गोव्यातूनच निघाली आणि ९ जानेवारी १९८२ ला अंटार्क्टिकावर उतरली, हे सांगितल्यावर सगळे खिडकीतून बाहेर बघायला लागले. तिथून मुरगाव बंदर दिसतं. मग दक्षिण गंगोत्रीची गोष्ट सांगितली: आपलं पहिलं केंद्र, तरंगत्या आईस शेल्फवर बांधलेलं, काही वर्षांत हिमाखाली गाडलं गेलं आणि १९९० मध्ये सोडावं लागलं. एका मुलीने विचारलं, "मग बर्फ वाढतोय की कमी होतोय?" मी म्हटलं, दोन्ही. वर हिम पडतं, कडेला बर्फ तुटतो, खाली समुद्र खातो. पृष्ठभाग एका जागी वर आला म्हणून चादर वाढली असं होत नाही. ती लगेच म्हणाली, "मग नुसता वरचा भाग का मोजता?"

तिला दिलेलं उत्तर मला स्वतःला अपुरं वाटलं. उपग्रहाला दिसतो तो वरचाच भाग, हे खरं. पण "वरचा भाग" तरी प्रत्येक उपग्रहाला एकच दिसतो का?

२ एप्रिल

त्या मुलीच्या प्रश्नामुळे रडारकडे वळले.

क्रायोसॅट-२ हा रडारने उंची मोजणारा उपग्रह एप्रिल २०१० पासून वर आहे. त्याची लहर सुमारे २.२ सेंटिमीटरची. कोरड्या थंड हिमात ती शिरते आणि आतल्या थरांवरूनही परत येते. रडार ज्याला पृष्ठभाग म्हणतं तो हिमाच्या पोटात असू शकतो. जुलै २०१२ मध्ये ग्रीनलंडच्या जवळजवळ सगळ्या पृष्ठभागावर थोड्या काळासाठी वितळ झाली. ते पाणी हिमात मुरून गोठलं, त्याचे कडक थर बनले. त्यानंतर रडारला ग्रीनलंडच्या आतल्या भागाची उंची अर्ध्या मीटरच्या आसपास वाढल्याचं दिसलं. बर्फ वाढला नव्हता. आधी आत शिरणारी लहर नव्या थरावरून परतायला लागली होती.

भारत आणि फ्रान्सचा सरल हा रडार उपग्रह, फेब्रुवारी २०१३ मध्ये श्रीहरिकोट्याहून गेलेला, त्याची लहर ८ मिलिमीटरच्या आसपास. हिमात कमी शिरते, म्हणून तिचा पृष्ठभाग वरच्या थराला जवळचा. हिरवा लेझर त्याहूनही वर. तिघांनाही आपण "उंची" एवढंच म्हणतो आणि एका रकान्यात टाकतो. आजपासून माझ्या तक्त्यात प्रत्येक उंचीपुढे ती कोणत्या लहरीची, कोणत्या महिन्यातली, हिम कोरडं की ओलं, हे असेल. त्याशिवाय वजाबाकी करायची नाही.

१७ एप्रिल

खारीवाड्याच्या धक्क्याजवळ बर्फाच्या कारखान्यात गेले. ट्रॉलरसाठी लाद्या इथे बनतात. मालकांनी शीतखोलीत ड्रोनच्या बॅटऱ्या ठेवू दिल्या. थंडीत लिथियम बॅटरीचं बळ किती घटतं ते मोजायचं होतं. घट ठळक आहे; गार बॅटरीवर भार पडला की व्होल्टेज एकदम खाली बसतं, आणि टक्क्यांचा आकडा तोवर चांगलाच दाखवत राहतो. टिपणात लिहिलं: बॅटऱ्या अंगाशी, कोटाच्या आत ठेवायच्या, उडवायच्या क्षणीच बसवायच्या, आणि परतायचा निर्णय टक्क्यांवर न घेता व्होल्टेजवर घ्यायचा.

दुसरं काम जास्त आवडलं. अंधाऱ्या कोपऱ्यात एक पारदर्शक लादी मांडली आणि तिच्यावर हिरवा लेझर पॉइंटर धरला. वर ठिपका जवळजवळ दिसलाच नाही. किरण आत सरळ रेघ होऊन गेला, लादीच्या मधल्या दुधाळ गाभ्यात पोहोचला आणि तिथे उजळला. मग यंत्रातून निघालेला चुरा पसरून त्याच्यावर धरला: ठिपका वरच राहिला, पण भोवती हिरवं वलय पसरलं, बोट-दोन बोटं रुंद. प्रकाश कणाकणावर आपटत आडवा फिरून बाहेर येत होता. फिरून आलेला कण उशिरा येतो, आणि उशीर म्हणजे उपग्रहाच्या लेखी जास्त खोली. हिमावर हा फरक काही सेंटिमीटरांत येतो, आणि हिमाचे कण जाड झाले की वाढतो. निळ्या बर्फात बुडबुडे कमी, तिथे वागणूक लादीच्या बाजूला झुकणार. शिर्माकरच्या दक्षिणेला दोन्ही शेजारी शेजारी आहेत. सीमेवर लेझरची उंची थोडी खाली जाताना दिसली तर ती खरी पायरी मानण्याआधी हे आठवायचं.

कामगार भोवती जमले होते. त्यातल्या एकाने लादी उलटी करून पुन्हा लेझर मारून बघितला आणि गाभा कुठे आहे ते मला बोटाने दाखवलं.

५ मे

निवलिसेनवरची तळी. सेंटिनेल-२ च्या जानेवारीच्या चित्रांत ती स्पष्ट निळी दिसतात. शिर्माकरच्या पायथ्याशी उगम, मग पाणी शेल्फवरून समुद्राच्या दिशेने सरकतं. इथे लेझर एक वेगळीच देणगी देतो. काही कण पाण्याच्या वरच्या पातळीवरून परततात, काही तळाच्या बर्फावरून. आलेखात दोन रेषा दिसतात, मधलं अंतर म्हणजे खोली. पाण्यात प्रकाश मंद चालतो, म्हणून त्या अंतराला १.३३ ने भागायचं. ४ मीटर दिसलं तर खरी खोली ३.

या तळ्यांची धास्ती वाटते. २००२ च्या सुरुवातीला लार्सन-बी शेल्फचा सुमारे ३,२५० चौरस किलोमीटरचा भाग काही आठवड्यांत मोडून गेला, त्याआधी त्याच्यावर अशीच तळी भरली होती. पाणी बर्फाहून जड, भेगेत उतरलं की ती तळापर्यंत फाडत नेतं. आपल्या भारती केंद्राच्या बाजूच्या एमरी शेल्फवर २०१९ च्या हिवाळ्यात बर्फाच्या झाकणाखालचं एक मोठं तळं खाली समुद्रात रिकामं झालं आणि वर खोल खड्डा उरला. तो खड्डा आइससॅट-२ नेच मोजला. निवलिसेनवर असं काही झालेलं माझ्या रेघांत दिसत नाही. पण रेघा ३.३ किलोमीटर अंतराने आहेत, मधली तळी मोजलीच जात नाहीत.

२६ मे

पाऊस मेमध्येच उतरला. काकांना फोन केला. शेवटच्या वाफ्यातलं मीठ काढायच्या आत विरघळलं. तिसरं उड्डाण राहिलं ते राहिलं, त्यांचं नुकसान मोठं आहे.

१२ जून

मैत्रीवर सूर्य उगवत नाही, जुलैच्या चौथ्या आठवड्यापर्यंत उगवणारही नाही. सेंटिनेल-२ बंद, ड्रोन बंद. लेझरला मात्र अंधार मानवतो, कारण उन्हाचे भरकटलेले कण नसतात आणि पृष्ठभागाची रेषा स्वच्छ येते. मागच्या वर्षांच्या जून-जुलैच्या रेघा काढल्या. निळ्या बर्फावर पट्टा पातळ, सस्त्रुगींच्या पट्ट्यात जाड, उतार आणि ठोक्याची रुंदी वजा करूनही. दोन-तीन हिवाळ्यांत जाड पट्टा जवळजवळ त्याच जागी येतो. उंचवटे दरवर्षी मोडतात आणि नव्याने घडतात, पण जागा वाऱ्याने ठरवून ठेवली आहे असं दिसतं.

सरांना दाखवलं. त्यांनी बराच वेळ आलेख पाहिला आणि म्हणाले, "हे पाठव त्या गटाला. उड्डाण इथेच करायला सांग."

३० जुलै

संध्याकाळी ५.४० ला निसार, भारत आणि अमेरिकेचा रडार उपग्रह, गेला. श्रीहरिकोट्याहून, जीएसएलव्ही रॉकेटवर. कार्यालयात सगळे पडद्यासमोर उभे होते. उपग्रह वेगळा झाल्याचं कळलं तेव्हा मला बोलता येईना.

२४ आणि १० सेंटिमीटरच्या दोन लहरी, दर १२ दिवसांनी तीच जागा, ढग असोत की अंधार. तो डावीकडे बघतो, म्हणून अंटार्क्टिकाचा खूप आतला भाग त्याच्या टप्प्यात येतो. २४ सेंटिमीटरची लहर कोरड्या हिमात मीटरच्या मीटर आत जाईल. तिला सस्त्रुगी जवळजवळ दिसणार नाहीत; १० सेंटिमीटरच्या लहरीला त्या मानाने जास्त दिसतील. दोघींच्या उत्तरांतला फरक खडबडीतपणाबद्दल काही सांगतो का, हे तपासता येईल. तक्त्यात आणखी दोन रकाने वाढवले.

७ ऑगस्ट

ड्रोनचं टिपण पूर्ण करून पाठवलं. उड्डाणासाठी दोन चौकोन दिले आहेत, प्रत्येकी ५०० मीटरचे, लेझरच्या एकाच रेघेवर: एक निळ्या बर्फावर, एक सस्त्रुगींच्या पट्ट्यात. सोबत सूर्याच्या उंचीचं तासवार कोष्टक, उंचवट्यांची दिशा आणि उपग्रह त्या रेघेवरून जाण्याच्या तारखा. ड्रोन आणि लेझर यांच्यात वादळ गेलं तर जुळवणी व्यर्थ, म्हणून उड्डाण शक्यतो त्या तारखेच्या दोन दिवसांच्या आत करा असं ठळक लिहिलं.

उलट प्रश्न आला आहे: सस्त्रुगींच्या चौकोनात खुणा रोवायला चालत गेलं तर पावलांनी पृष्ठभाग बिघडेल, मग खुणा कुठे ठेवायच्या? चौकोनाच्या कडेने, वाऱ्याच्या पडत्या बाजूला ठेवाव्यात असं मला वाटतं, आणि मधल्या भागासाठी ड्रोनवरच अचूक जीएनएसएस असलेलं यंत्र न्यावं. मधे एकही खूण नसेल तर मॉडेल मधोमध किती फुगतं, हे आगरवाड्याच्या सकाळच्या चित्रांतून मधल्या खुणा वगळून उद्या काढते.